मन जाणणाऱ्याची खुर्ची

(वाशी, जि. धाराशिव येथे संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी बँकेत कारकून आहे. मानसोपचाराशी माझा संबंध एवढाच की बी. ए. ला मानसशास्त्र विषय होता आणि पुढे त्याचे वाचन सुटले नाही. त्यामुळे आज मनाच्या रोगांवर मी बोलणार नाही. रोग्यासमोर बसणारा डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका ही माणसे कोणत्या परिस्थितीत काम करतात, आणि त्या परिस्थितीमुळे समोरच्याचे मन त्यांना कितपत कळते, एवढाच माझा विषय आहे.

हाड मोडले तर क्ष-किरण यंत्र आहे. सकाळचा पहिला रोगी असो की दुपारचा ऐंशीवा, यंत्र तेच चित्र दाखवते. मनाच्या डॉक्टरकडे असे यंत्र नाही. त्याचे यंत्र म्हणजे त्याचे स्वतःचे मन. ते थकते, भुकेजते, वरिष्ठाला घाबरते, घड्याळाकडे पाहते. ही गोष्ट उघड आहे. पण दवाखाना बांधताना, पदे मंजूर करताना, नोंदवह्या छापताना ती कोणी हिशेबात धरत नाही.

१९७३ साली अमेरिकेतील डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषण देण्यासाठी एका इमारतीतून दुसरीकडे पाठवले. वाटेत एक माणूस कण्हत बसलेला होता. ज्यांना घाई नव्हती, त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झाला आहे, पळा’ असे सांगितले होते, त्यांच्यापैकी अवघे १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषयच मुळी जखमी वाटसरूला मदत करणाऱ्याची गोष्ट हा होता, पण त्याने फारसा फरक पडला नाही. स्वभाव तोच, शिक्षण तेच. बदलले ते घड्याळ.

याहून मला अधिक महत्त्वाचे वाटते ते इझाबेल मेंझीस या बाईंचे काम. १९६० च्या सुमारास त्यांनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास केला. तेथे रोग्याला नावाने न ओळखता ‘दहा नंबरच्या खाटेवरचे यकृत’ असे म्हणत. एका परिचारिकेने एक रोगी सांभाळायचा नाही, तर अनेकींनी अनेकांची तुटक तुटक कामे करायची अशी पद्धत होती. बाईंनी याला निष्ठुरपणा म्हटले नाही. वेदना आणि मृत्यू रोज पाहताना मनावर जो ताण येतो, त्यापासून बचाव म्हणून संस्थेनेच ही व्यवस्था उभी केली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण ताण त्यामुळे कमी झाला नाही. शिकाऊ मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडून जात, आणि जाणाऱ्यांत चांगल्या मुलीही असत. पुढे १९८१ मध्ये ख्रिस्तिना मॅस्लॅक यांनी कामाने करपून जाण्याची जी मोजपट्टी तयार केली, तिच्यात थकव्याच्या जोडीला हेच लक्षण आहे : समोरचा माणूस माणूस न वाटता वस्तू वाटू लागणे. आमच्या काउंटरवरही गर्दी वाढली की ‘म्हातारबा’चा ‘पेन्शनवाला’ होतो. पण आमची रोकड संध्याकाळी जुळते आणि चूक असेल तर त्याच दिवशी सापडते. डॉक्टरने माणूस चुकीचा वाचला तर ते कोणत्या वहीत सापडणार?

आता आपल्याकडे येऊ. देशात दर लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असल्याचा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला; किमान ३ तरी हवेत असे मानतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर होती. सरासरीने वाटले तर बारा डॉक्टर वाट्याला येतात. पण डॉक्टर सरासरीने राहत नाहीत, शहरात राहतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये. एकट्या येरवड्याच्या मंजूर खाटा २५४०. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही.

अशा टंचाईत रोग्याला मिळतात दोन-चार मिनिटे. आणि आपला माणूस काही ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, डोक्यात मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, अंगाची आग होते, कशात मन लागत नाही. दोन मिनिटांत यातले ‘मुंग्या’ आणि ‘आग’ एवढेच ऐकू येते, आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. ऊसतोडीहून परतलेल्या बाईला विचारले, “झोप लागते का?” ती म्हणणार, “लागते की.” पहाटे अंधारात फडात जाणारी बाई अंग टाकले की झोपणारच. कागदावर ‘झोप ठीक’ अशी नोंद होते. उचल फिटली का, लेकरे कुणाजवळ ठेवली होती, कोयता पुन्हा कधी उचलायचा, हे विचारायला तिसरे मिनिट लागते. त्यातून नवरा किंवा सासू शेजारी उभी, आणि दारात पुढचा रोगी डोकावतो आहे. येथे डॉक्टरच्या सहृदयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याला ऐकू येईल अशी जागाच तेथे नाही.

कायदासुद्धा कामाच्या जागेचाच भाग असतो, हे आपण विसरतो. फवारणीचे औषध प्यायलेला माणूस दवाखान्यात आणला की आत्महत्येचा प्रयत्न हा वर्षानुवर्षे गुन्हा होता. म्हणून घरचे सांगत, चुकून पोटात गेले. डॉक्टर पोलिसांचा कागद भरी आणि तोही ‘चुकून’च ऐके. दोघांनाही खरे माहीत, आणि दोघेही गप्प. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरण्यास आणि त्याला शिक्षा न करण्यास सांगितले. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते जुने सरसकट कलमही उरले नाही. भीती मात्र अजून गेलेली नाही.

२०१५ मध्ये शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात घरोघर जाऊन खचलेली माणसे हुडकण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे आले. कल्पना उत्तम, कारण तिला गल्ली माहीत, कुणाची विहीर आटली आणि कुणाची सोयरीक मोडली हेही माहीत. पण लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, सर्वेक्षण या सगळ्या कामांत ही आणखी एक भर, आणि मोबदला कामागणिक. जिला सर्वांत जास्त कळते तिलाच थांबून ऐकायला उसंत नाही, हा आपल्या व्यवस्थेचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो.

उपाय नाहीत असे नाही. मायकेल बॅलिंट या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये साध्या डॉक्टरांचे गट जमवले. ठरावीक दिवशी बसायचे, एकाने आपला एक रोगी सांगायचा, इतरांनी ऐकायचे : या माणसाचा तुला राग का येतो? याचे बोलणे तू मध्येच का तोडलेस? याला पैसा लागत नाही, तासभर लागतो. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा आशांसाठी असा तास ठेवता येईल. आढावा बैठक मात्र नको. तेथे आकडे विचारतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी परिचारिका होईल, कोणी समाजकार्याची पदवी घेईल. नोकरी घेताना पगाराबरोबर हेही विचारा की दिवसाला किती माणसे पाहायची आणि अडले तर बोलायला वरचा माणूस कोण.

संस्थेला माझी एक सूचना आहे. गावातून कोणाला जिल्ह्याच्या मानसोपचार विभागात नेताना बरोबर त्याला ओळखणारा एक माणूस द्यावा. निघण्यापूर्वी एका कागदावर लिहावे : त्रास कधीपासून, त्याआधी घरात काय घडले, तो पूर्वी काय करायचा आणि आता काय सोडले. डॉक्टरच्या चार मिनिटांतली दोन त्याने वाचतील. जाणे जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक संस्थेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा, एवढी विनंती करून मी थांबतो.