एका ‘कन्व्हर्जन’चे अनेक अर्थ
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



आम्ही धम्माचे अभ्यासक नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारे साधे कारकून आहोत. परंतु गेल्या महिन्यात आपल्या अभ्यासिकेतील एक विद्यार्थी एका वसतिगृहाचा अर्ज घेऊन आला. त्यात रकाना होता, ‘कन्व्हर्टेड आहात काय? होय / नाही’. “काका, इथे काय लिहू?” आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

हा शब्द आमच्या रोजच्या कामातला. डॉलरचे रुपये केले की कन्व्हर्जन. स्थिर व्याजाचे कर्ज बदलत्या व्याजावर नेले की कन्व्हर्जन. पैसा तोच, कर्जदारही तोच. फक्त हिशेबाची रीत बदलते. तलाठ्याकडे जा, तिथे शेतजमीन एन. ए. करणे हेही कन्व्हर्जनच. आपल्या वाडवडिलांना याची झळ अधिक. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, महार वतनेही गेली; जमिनी परत मिळाल्या त्या शर्तीवर. ती शर्त उठवायची तर नजराणा भरा! राबणारे हात तेच, पण सातबाऱ्यावरचा एक शेरा बदलण्यासाठी पिढ्या खर्ची पडल्या.

कायद्यात मात्र या शब्दाचा अर्थ भलताच आहे. बँकेच्या परीक्षेसाठी आम्ही तो पाठ केला होता. दुसऱ्याच्या वस्तूवर आपलीच मालकी असल्यासारखे वागणे म्हणजे कन्व्हर्जन. चोरीचा धनादेश बँकेने भलत्याच्या खात्यात वसूल केला, तर खरा मालक बँकेवर याच नावाचा दावा लावतो. सद्‌भावनेने व निष्काळजीपणा न करता काम करणाऱ्या बँकेला १८८१ च्या कायद्याचे १३१ वे कलम संरक्षण देते. तो धडा वाचताना मनात आले, माणसाचे माणूसपण ज्यांनी शतकानुशतके आपल्या खात्यात जमा करून घेतले, त्यांच्यावर दावा कोणी लावायचा?

तो दावा परमपूज्य बाबासाहेबांनी लावला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा, १९३६ च्या मे महिन्यात मुंबईचे ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा. मध्ये एकवीस वर्षे गेली. घाईत घेतलेला निर्णय असा नसतो. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ च्या जनगणनेत ते झाले २७ लाख ८९ हजारांहून अधिक. आणि हे सारे सवलती जाण्याची भीती असताना! केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली.

आमची आजी त्या दिवशी नागपुरात होती. उसन्या पांढऱ्या लुगड्यात गेली होती. ‘धर्मांतर’ हा शब्द तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नाही. ती म्हणायची, “आम्ही दीक्षा घेतली.” घेतली, कोणी दिली म्हणून नव्हे. डॉलरचा रुपया होताना डॉलरला कोणी विचारत नाही, आजीला तिच्या मनाने विचारले होते.

त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच विचारले, “तुझा जन्म कोणत्या घरात झाला?” तो म्हणाला, “बौद्ध.” मग त्याने धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले, खाली ‘नाही’वर खूण केली आणि आमचे पेन खिशात घालून निघाला. जिन्यातून हाक मारून ते परत घ्यावे लागले.