एसीची थंड हवा दिव्याला पाजू नका

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. बेडरूममध्ये मिरची आणि बेझिल लावलंय, वर ६०० वॅटचा सोडियम दिवा, काचेच्या हूडमध्ये. हूडला डक्ट, डक्टला फॅन. एप्रिलमध्ये एसी दिवसभर चालू, तरी पानं करपतायत आणि बिल बघवत नाही. आता मोठा एसी घेऊ का, असं विचारतोय.

थांब रे, आधी सांग, हूडमध्ये हवा येते कुठून? त्याच्याकडे ती खोलीतूनच येते आणि खिडकीतून बाहेर जाते. सगळा घोळ इथंच आहे.

हिशोब सोपा आहे. तासाला किती घनमीटर हवा लागेल? वॅटला तापमानाच्या वाढीने भागा आणि तीनने गुणा. ६०० वॅट, हवा १० अंशांनी तापू द्यायची, म्हणजे १८०. फॅनच्या खोक्यावर सीएफएम लिहितात, त्यात साधारण १०६.

आता गंमत बघा. तासाला १८० घनमीटर थंड हवा बाहेर फेकली की तेवढीच बाहेरची हवा दाराखिडक्यांच्या फटीतून आत येणार. बाहेर ३८, आत २६. ही १२ अंशांची गरमी म्हणजे एसीवर सुमारे ७०० वॅटचा नवा बोजा! दिवाच मुळात ६०० वॅटचा आहे.

म्हणून हवा बाहेरून घ्या, हूडमधून न्या, बाहेरच सोडा. खोलीशी तिचा संबंध नको. सर्व्हर रूममध्ये गरम आणि थंड हवा वेगळी ठेवतात, तेच इथं. ३८ अंशांची हवा काय थंड करणार, असं वाटेल. पण दिवा त्याहून कितीतरी गरम असतो, त्याला ती चालते. खोली मात्र तिनं थंड होणार नाही. काचेतून जो उजेड पानांवर पडतो त्याचीही शेवटी उष्णताच होते, तेवढं काम एसीकडे राहतंच. चोक बाहेर ठेवता आला तर तेवढंच ओझं कमी.

फॅन हूडच्या पुढे लावा, म्हणजे तो हवा ओढेल. ढकलणारा फॅन असेल तर प्रत्येक फटीतून गरम हवा खोलीत येते. लवचिक डक्ट पूर्ण ताणून घ्या, वळणं कमी ठेवा. खोक्यावरचा आकडा डक्ट न जोडता मोजलेला असतो, त्यामुळे १०६ लागत असतील तर १०६चाच फॅन आणू नका. मोठा घ्या आणि हळू चालवा. वेग ८० टक्के केला की वीज जवळपास निम्मी लागते (आवाजही कमी, घरचे खूश!). बाहेर जाणाऱ्या डक्टमध्ये ४८ अंशांची हवा असते, त्यावर इन्सुलेशन गुंडाळा.

आणि हूडवर थर्मल कट-ऑफ बसवाच. लाइट गेली तर दिवाही जातो, त्याची भीती नाही. नुसता फॅन अडकला आणि दिवा चालू राहिला, तर घरी कोणी नसताना ते कोण बघणार?