चित्रकलेची पदवी आणि आपला शिष्यवृत्ती निधी
(विश्वकर्मा जयंतीच्या संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, त्याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे मॅट्रिक. गुरुजी म्हणून छत्तीस वर्षे खेड्यापाड्यांतील मुले शिकविली, परंतु विद्यापीठाची पायरी विद्यार्थी या नात्याने कधी चढलो नाही. तेव्हा पदवीच्या अभ्यासक्रमांविषयी आम्ही बोलावे हे कोणास धाडसाचे वाटल्यास नवल नाही. तथापि या विषयात आमच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि त्या चुकीनेच आम्हांस उतारवयात हा अभ्यास करावयास लावले.

२०१३ सालची गोष्ट. त्या वर्षी आम्ही आपल्या संघाच्या शिष्यवृत्ती उपसमितीवर होतो. आलेल्या अर्जांत आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचा अर्ज होता. वडील गावात दारे-चौकटी करणारे, घरची स्थिती बेताची. हा मुलगा लहानपणी रंध्याखालच्या तुकड्यांतून बेंदराचे बैल असे कोरी की त्यांच्या वशिंडावरून हात फिरवावा. बारावीनंतर त्यास बडोद्याच्या विद्यापीठात शिल्पकलेच्या पदवी वर्गात प्रवेश मिळाला होता. मागणी होती ती वसतिगृहाचा खर्च आणि साहित्य यांपुरती. आम्ही अर्जावर शेरा लिहिला, ‘अभ्यासक्रम व्यवसायोपयोगी नाही. अर्ज अमान्य.’ त्याच बैठकीत अभियांत्रिकीचे सर्व अर्ज आम्ही पाच मिनिटांत मंजूर केले. उपसमितीतील अन्य सभासदांस दोष देता येणार नाही, कारण ‘गुरुजी म्हणतात तर तसेच’ असे म्हणून त्यांनी माना डोलावल्या. अक्षर आमचे होते आणि सहीही आमचीच होती.

मुलगा बडोद्यास गेला नाही. जवळच्या गावी बी. कॉम. झाला आणि आज शहरातील एका फर्निचरच्या दुकानात हिशेब लिहितो. गेल्या दिवाळीत आम्ही त्या दुकानी गेलो असता त्याने आम्हांस बसावयास खुर्ची दिली आणि म्हणाला, “गुरुजी, जरा पुढे सरकून बसा. ही खुर्ची कंबर धरते. पाठ दोन बोटे मागे झुकवायला हवी होती. पण माल तयार येतो, मी नुसते बिल करतो.” आणि बिलबुकाच्या पाठीवर चार रेघांत त्याने ती पाठ कशी हवी होती हे काढून दाखविले. चहा पाजला. अर्जाचा विषय त्याने काढला नाही, आणि आम्हांसही काढण्याचा धीर झाला नाही.

घरी आल्यावर आम्ही नातवाच्या साहाय्याने माहिती गोळा करू लागलो. ज्या पदवीस आम्ही निरुपयोगी ठरविले ती वस्तुतः आहे तरी काय?

प्रथम बडोद्याविषयी. बडोदे मराठी माणसास परके नव्हे. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत तेथे १८९० साली कलाभवन निघाले, आणि त्यात चित्रकलेच्या जोडीस कारागिरीचे व यंत्रविद्येचे शिक्षण मिळू लागले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे याच कलाभवनात गेले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली महाराजांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५० साली, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, त्यात ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा उघडली. इतरत्र बहुधा पदविकेवर समाधान मानावे लागत असे त्या काळी येथे चित्रकाराला पदवी मिळू लागली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवीत, शंखो चौधुरी शिल्पकला.

आज तेथील पदवीस बॅचलर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स म्हणतात. चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला, मुद्राचित्रण व कलेतिहास या त्यातील शाखा होत. ललित कलांच्या पदवीचा अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा असतो. आरंभी रेखाटन, रंग, माती, आकार यांचा पाया घालतात आणि मग विद्यार्थी एका शाखेत स्थिरावतो.

शिल्पकलेत काय शिकवितात हे वाचताना आम्हांस आपल्या वडिलांचा कारखाना आठवला. आधी लोखंडी सांगाडा उभारावयाचा, त्यावर माती चढवावयाची, मातीवरून प्लास्टरचा साचा घ्यावयाचा आणि साच्यातून ओतकाम करावयाचे. याखेरीज लाकूड व दगड कोरण्याचे काम वेगळेच. मुद्राचित्रणाच्या विद्यार्थ्यास लाकडाच्या फळीवर चित्र उलटे कोरून त्याचा ठसा कागदावर घ्यावा लागतो. लाकडाचा पोत कोणत्या अंगाने जातो, पटाशी कोठे रेटावी आणि कोठे आवरावी, हे आपल्या घरातील दहा वर्षांचे पोर जाणते. शहरातील सुशिक्षित घरचे मूल ते विद्यापीठात जाऊन प्रथम शिकते. मग या वर्गांत आपली मुले इतकी थोडी का, हा प्रश्न आम्ही स्वतःसच विचारतो.

मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालची. दीर्घकाळ तेथे पदविका होती, नंतर मुंबई विद्यापीठाची पदवी आली आणि २०२३ साली त्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी एका सुताराच्या घरी १९२५ साली जन्मलेले राम सुतार याच शाळेचे. त्यांचे गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी मुलाच्या हातातील गुण ओळखून त्यांस मुंबईस धाडले. १९५३ साली त्यांना तेथे मेयो पदक मिळाले. नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा एकशे ब्याऐंशी मीटर उंचीचा पुतळा, ज्याचे अनावरण २०१८ साली झाले, तो त्यांच्या संकल्पनेचा. २०२५ साली, शंभरी गाठून ते निवर्तले. आपल्या सभागृहात त्यांच्या तसबिरीस आपण हार घालतो. एका गुरूने मुलास धाडले म्हणून ती तसबीर येथे आहे. आमच्याकडे आलेल्या मुलास आम्ही शेरा मारून घरी बसविले.

आता डिझाइनच्या पदवीविषयी, कारण पालक या दोहोंची गल्लत करतात. ललित कलेच्या पदवीत कलावंताची दृष्टी आणि हात घडविण्यावर भर असतो. डिझाइनच्या पदवीत दुसऱ्याच्या वापरासाठी वस्तू योजण्यावर. खुर्ची कोण वापरणार, त्याची कंबर कोठे टेकते, ती किती खर्चात आणि कोणत्या यंत्रावर होईल, याचा विचार करून नमुना करावयाचा, मोडावयाचा, पुन्हा करावयाचा. आमच्या विद्यार्थ्याची ती ‘दोन बोटे’ म्हणजे याच विद्येचा धडा होय. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ सालची. मुंबईच्या आय. आय. टी.त १९६९ साली डिझाइनचे केंद्र निघाले आणि २०१५ पासून तेथे बारावीनंतरची चार वर्षांची पदवीही सुरू झाली. आपल्या खिशातील नाण्यावरचे रुपयाचे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारले, ते या केंद्रात संशोधन करणाऱ्या उदयकुमार यांनी रेखाटलेले. संगणकावर ज्या ‘मंगल’ अक्षरात आपल्या संघाची पत्रे टंकलिखित होतात, ती अक्षरे रेखणारे र. कृ. जोशी हेही तेथे अध्यापक होते. उपयोजित कला, म्हणजे जाहिरात, अक्षररचना, पुस्तकातील चित्रे, वेष्टणे, ही या दोन पदव्यांच्या मधली शाखा मानावी. नोकरीच्या दृष्टीने पालकांस तीच अधिक मानवते.

पोटाचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. केवळ चित्रे किंवा शिल्पे विकून संसार चालविणे बहुतेकांस कठीण जाते, आणि हे मुलास आधीच सांगितले पाहिजे. बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर हे सनदी लेखापाल होते आणि चित्रे काढीत असतानाही हिशेबाचे काम करीत राहिले. (आमच्या विद्यार्थ्याने निदान त्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग तरी उचलला आहे, असे म्हणून आम्ही मनाची समजूत घालून पाहिली. ती पटली नाही.) खर्चाचेही तसेच. अहमदाबादच्या संस्थेचे वार्षिक शुल्क लाखांच्या घरात आहे. शासकीय कला महाविद्यालयांत ते पुष्कळ कमी असते, आणि तशी महाविद्यालये मुंबईखेरीज नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत. मोठमोठ्या जाहिराती करणाऱ्या खासगी संस्थांपासून मात्र सावध असावे. पैसे भरण्यापूर्वी, मिळणार ती विद्यापीठाची पदवी आहे की नुसते प्रमाणपत्र, आणि त्या विद्यापीठास अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे लेखी पाहावे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी शासनाची सामाईक प्रवेश परीक्षा असते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र काढावे लागते. डिझाइनच्या परीक्षा निराळ्या, आणि त्यांचे अर्ज बारावीचे वर्ष चालू असतानाच भरावे लागतात. निकाल लागल्यावर चौकशीस निघणाऱ्या पालकाचे वर्ष वाया जाते. शाळेतील एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मुलांना अवश्य देऊ द्याव्या. त्या दिवशी दुकानात मदतीस बसवू नये. मुलींच्या बाबतीत तर हे विशेषच सांगावेसे वाटते, कारण दारापुढे ठिपक्यांची रांगोळी बिनचूक काढणाऱ्या मुलीस आपण ‘हात चांगला आहे’ एवढे म्हणून स्वयंपाकघरात पाठवितो.

आपल्या निधीच्या नियम चारमध्ये आजही ‘अभियांत्रिकी, वैद्यक, कृषी, वाणिज्य व अध्यापन’ एवढेच शब्द आहेत. त्यांपुढे ‘दृश्यकला व डिझाइन यांतील विद्यापीठीय पदवी’ हे शब्द घालावेत आणि साहित्याच्या खर्चासाठी वेगळी रक्कम ठेवावी, असा ठराव आम्ही दिला आहे. तो भोजनोत्तर सभेपुढे येईल. नियम व्यवसायोपयोगी शिक्षणासाठी आहे असा आक्षेप निघेल, हे आम्ही जाणतो. आमचाच तो जुना आक्षेप आहे. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या गावाचा नांगर, गाडी, पाळणा आणि देव्हारा घडविला, त्याने आकार देण्याच्या विद्येस व्यवसाय म्हणू नये, याचे उत्तर आम्हांस तेरा वर्षांपूर्वी सुचले नव्हते आणि आजही सुचत नाही.

या वर्षी दृश्यकलेसाठी दोन अर्ज आलेले आहेत. त्यांतील एक त्या मुलाच्या नात्यातील एका मुलीचा आहे. तिला वस्त्रकलेच्या वर्गात जावयाचे आहे. कार्यालयाच्या कपाटातून २०१३ सालचा तो जुना अर्ज आम्ही शोधून काढला असून आमच्या शेऱ्यासह तो अध्यक्ष महाराजांच्या हाती देत आहोत. ठरावावर मत देण्यापूर्वी सभासदांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.