कानातला नाद आणि कामगाराचा हिशेब

(कारंजा (घाडगे) येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भोवती शांतता असताना कानात शिटी वा गुणगुण ऐकू येते, तिला कर्णनाद म्हणतात. हा वेडाचा प्रकार नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. सततच्या गोंगाटाने अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी नष्ट होतात व पुन्हा उगवत नाहीत. ती उणीव भरून काढताना मेंदूच हा नाद निर्माण करतो, असे मानले जाते. कधी साधा मळ, कधी एखादे औषधही कारण असते. म्हणून आधी तपासणी. नाद एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर विलंब नको.

तो समूळ घालवणारे सिद्ध औषध आज नाही. मात्र श्रवणयंत्र, रात्री पंख्यासारखा मंद आवाज आणि भीती ओसरवणारा मानसोपचार यांनी तो सुसह्य होतो. 1969 पासून सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कान दाखवावा.

पण प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. आपला जिल्हा कापसाचा. जिनिंगच्या यंत्रांजवळ हंगामभर राबणारा मजूर उत्पादनखर्चाचा एक भाग स्वतःच्या कानांनी भरतो. मालकाच्या वहीत त्याची नोंद नसते. गोंगाटाने येणारे बहिरेपण 1948 च्या कारखाना कायद्याच्या रोगसूचीत होते, 2020 च्या सुरक्षा संहितेतही आहे. परंतु श्रवणतपासणीच झाली नाही, तर रोग सिद्ध कसा व्हावा? हंगामाच्या आरंभी व अखेरीस तपासणी आणि मालकाच्या खर्चाने कानरक्षक, ही मागणी मजुरीच्या मागणीइतकीच रास्त आहे. ती आपण लावून धरली पाहिजे.