चिंता आणि आजची भाकर
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या आनंदात आम्ही चिंतेचा विषय का काढावा, असे कोणास वाटेल. परंतु मंदिरात येताना आपण मनात एखादी काळजी घेऊनच येतो. कोणास कारखान्यातील कंत्राट संपण्याची धास्ती, कोणास घराच्या कर्जाचा हप्ता, कोणास मुलीचे लग्न, तर कोणास आईच्या औषधपाण्याचा खर्च. एके काळी शेतमळ्यांचे असलेले हे हडपसर आज कारखाने, कचेऱ्या व उंच इमारती यांनी गजबजले आहे. पण मध्यरात्री येथे जे दिवे जळतात, ते सगळेच कामासाठी जळत नाहीत.

आकाशातील पाखरांकडे व रानातील फुलांकडे पाहा आणि चिंता सोडा, हा प्रभु येशूचा बोध आपण बालपणापासून ऐकत आलो आहो. तथापि ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असा त्याचा अर्थ करणे हा विपर्यास होय. पाखरू पेरीत नाही हे खरे, पण दाणा शोधण्यास ते पहाटेच उडते. प्रभूने उद्योग वर्ज्य केला नाही. उद्याचे ओझे आजच डोक्यावर घेणे तेवढे वर्ज्य केले. अरण्यात इस्राएल लोकांस मान्ना मिळे तो एका दिवसापुरता. अविश्वासाने साठविला, त्यात किडे पडले. देवाच्या आज्ञेने शब्बाथासाठी ठेविला, तो मात्र चांगला राहिला. तेव्हा देवावर भिस्त ठेवून केलेली तरतूद निराळी आणि भयापोटी केलेली निराळी. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजची.

श्रद्धावंतावर संकट येत नाही, असे आम्ही म्हणत नाही. गेथशेमनी बागेत प्रत्यक्ष प्रभूचा जीव व्याकूळ झाला होता. सन २०२० चे दिवस आपण विसरलो नाही. टाळेबंदीत मंदिरांची दारे बंद झाली. कित्येकांस आप्तांचे अंत्यदर्शनही घडले नाही. त्या वर्षी २७ मार्च रोजी पोप फ्रान्सिस रोममध्ये संत पेत्राच्या ओस चौकात पावसात उभे राहिले आणि वादळात सापडलेल्या तारवाविषयी बोलले. शिष्य घाबरले होते, पण प्रभु त्याच तारवात होता. त्याच काळात आपल्या शेजारी, हडपसर-मांजरी भागातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये लशीचे काम चालू होते. तेथे रोज कामावर जाणाऱ्यांस भय वाटले नसेल काय? तरीही हातातले काम त्यांनी सोडले नाही, आणि १२ जानेवारी २०२१ रोजी लशीच्या पहिल्या पेट्या पुण्याहून देशभर रवाना झाल्या. प्रार्थना करणारे ओठ आणि काम करणारे हात, दोन्ही देवाचीच देणगी आहेत.

मग घरी गेल्यावर आपण काय करावे? सन २०१५ च्या जानेवारीत मनिला येथे पोप फ्रान्सिस यांनी आपला एक साधा परिपाठ सांगितला होता. त्यांच्या मेजावर निद्रिस्त संत योसेफाची मूर्ती असे. अडचण आली की ती कागदावर लिहून ते त्या मूर्तीखाली ठेवीत. हा संत स्वप्नात देवाची आज्ञा ऐकून स्वस्थ पडून राहिला नाही. रात्रीच उठून बालक व माता यांना घेऊन मिसर देशी निघाला. आपणही रात्रीच्या जपमाळेनंतर आपली काळजी देवापुढे नाव घेऊन ठेवावी, निजावे, आणि सकाळी तिच्यातील जेवढे आपल्या हातचे असेल तेवढे करावे. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, तर वैद्याकडे जाण्यात श्रद्धेला कमीपणा मुळीच नाही.

शेवटची गोष्ट. पवित्र मिस्साबलीत प्रभूच्या प्रार्थनेनंतर धर्मगुरू आपणा सर्वांसाठी अस्वस्थतेपासून मुक्ती मागतात, आणि लगेच आपण शेजाऱ्यास शांती देतो. ती शांती मंदिराच्या पायऱ्यांवरच संपू नये. ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या घरी आजारपण आहे, त्याचे दार या आठवड्यात आपण ठोठवावे. दोघांनी उचललेले ओझे हलके होते, आणि दुसऱ्याची काळजी वाहताना स्वतःच्या काळजीचा विसर पडतो.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरास आजची भाकर, आजचे बळ आणि रात्रीची शांत निद्रा देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.