ओरांगउटान : एक आई, एक लेकरू

(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



मलाय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे रान. बोर्निओ आणि सुमात्रा या दोनच बेटांवर हा रानमाणूस राहतो. नर पोरांकडे पाहत नाही. सारा संसार एकटीचा. अशा एकट्या बायाबापड्या आपल्या वस्तीतही कमी नाहीत, त्यामुळे ही कथा आपणास परकी वाटू नये.

ही मादी साधारण १५ व्या वर्षी पहिलटकरीण होते. त्यानंतर दुसरे बाळंतपण ७-८ वर्षांनी. दोन बाळंतपणांत एवढे अंतर ठेवणारा जमिनीवरचा दुसरा सस्तन प्राणी नाही. का, तर शिकवायचे फार असते! कोणते फळ कधी पिकते, कोणती साल सोलून खावी, अशा शेकडो गोष्टी पिल्लू आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, निरखून शिकते. रोज संध्याकाळी आई फांद्या मोडून झाडावर नवे घरटे विणते. वर्षभराचे पोरही शेजारी बसून डहाळ्या वाकवू लागते, पण निजते मात्र आईच्याच कुशीत.

दूध किती वर्षे पाजते, हे झाडाखाली उभे राहून कळणे कठीण. २०१७ साली संशोधकांनी संग्रहालयातल्या दातांवरून ते शोधले. आईच्या दुधातला बेरियम दातांच्या थरांत साठतो. त्यावरून दिसले, की एक पिल्लू ८ वर्षांचे होऊन गेल्यावरही दूध पीत होते. शिवाय बेरियम काही काळ कमी, पुन्हा जास्त, असा चढ-उतार होता. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला, की रानात फळे मुबलक असली की पिल्लू फळांवर राहते आणि टंचाई आली की पुन्हा आईच्या अंगावर येते. दुष्काळ सोसलेल्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

कॅनडाच्या संशोधिका बिरुटे गाल्डिकास १९७१ मध्ये बोर्निओतील तांजुंग पुटिंगच्या रानात गेल्या. त्यांच्याकडे माणसांच्या घरांतून सोडवलेली पोरकी पिल्ले येऊ लागली. ती पोरकी का झाली? जिवंत आई पिल्लाला सोडत नाही. म्हणून पाळण्यासाठी पिल्लू हवे असले, की आधी आईला मारतात. बाजारातल्या प्रत्येक पिल्लामागे बहुधा एक मेलेली आई असते. आणि जन्मभरात चार-पाचच लेकरे वाढवणारी आई गेली, तर तिची जागा भरून यायला किती वर्षे लागतील, हिशेब करा.

रान जळते, तुटते आणि तेथे तेलमाडाचे मळे होतात. पामतेल जगात सर्वाधिक आयात करतो तो आपला देश. २०२२ च्या दिवाळीत आपल्याकडे रेशनवर 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यातही एक लिटर पामतेल होते. गरिबाने ते घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. स्वस्त तेलाला त्याच्यापाशी पर्याय नाही. परंतु ते कोणती जमीन साफ करून पिकवले, हे व्यापाऱ्याला आणि सरकारला विचारता येते.

पोरक्या पिल्लांसाठी मलेशियातील सेपिलोक येथे १९६४ पासून केंद्र आहे. इंडोनेशियातही अशी केंद्रे आहेत. तेथे बाया पिल्लांना कडेवर घेऊन रानात नेतात, झाडावर चढायला लावतात, घरटे बांधायला उत्तेजन देतात. जे आईजवळ पाहता पाहता येते, त्याला येथे कित्येक वर्षे लागतात. तरीही पुढे रानात सोडलेल्या काही माद्यांना तेथेच पिल्ले झाली आणि त्यांनी ती पोटाशी धरून वाढवली.