एकत्र पाहिलेला ‘तुकाराम’

(‘संत तुकाराम’ या चित्रपटाच्या खेळापूर्वी शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



आज आपण जो चित्रपट पाहणार आहोत, तो आपल्यापैकी अनेकांनी या ना त्या रीतीने पूर्वी पाहिलेला आहे. मग एवढी माणसे जमवून तो पुन्हा पाहण्याचे प्रयोजन काय, असे एका तरुण सरपंचांनी मला मघाशी विचारले. फोनवर तो घरबसल्या पाहता येतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यांना तेथल्या तेथे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे चार शब्द.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ मध्ये हा चित्रपट काढला. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो सलग ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. यातील एक अभंग शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी नव्याने रचला होता. तो तुकोबांचाच, अशी भल्याभल्यांची समजूत झाली. चित्रपट लोकांनी किती आपलासा केला, याचा याहून वेगळा दाखला कशाला हवा?

मी तो प्रथम पाहिला १९६५ च्या सुमारास, आमच्या गावच्या यात्रेत, तंबूमध्ये. अंधार पडल्याखेरीज खेळ सुरू होत नसे. एका बाजूस बायका, दुसऱ्या बाजूस पुरुष, बसायला ज्याची त्याची घोंगडी. प्रक्षेपणयंत्र एकच, त्यामुळे रीळ संपले की दिवे लागत. आजीने वाहाणा तंबूबाहेर काढल्या आणि चोरीस जातील म्हणून पुन्हा आत आणून पदराखाली धरल्या! तिच्या शेजारी नेमकी जागा मिळाली ती भावकीतल्या एका बाईंना. बांधावरून दोन्ही घरांत दावा चालू होता आणि कित्येक वर्षे बोलणे बंद होते.

मूल आजारी पडल्यावर तुकोबांची आवली हातात वाहाण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला निघते, तो प्रसंग आला. सारा तंबू हसू लागला. मी आजीकडे पाहिले. ती हसत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. शेजारच्या बाईंचेही तेच चालले होते. इतक्यात रीळ संपले, दिवे लागले आणि दोघींची नजरानजर झाली. बाईंनी चंची सोडून सुपारीचे खांड पुढे केले. आजीने ते घेतले. बोलल्या मात्र नाहीत. दावा पुढेही अनेक वर्षे चालला, हेही सांगितले पाहिजे. उगाच गोड शेवट कशाला लावू?

पुढे मी शिक्षक झालो. निवृत्तीपूर्वी एकदा हाच चित्रपट वर्गात संगणकाच्या लहान पडद्यावर दाखवला. मुले शांत बसली, पण आवलीच्या त्या प्रसंगाला कोणी हसले नाही. चित्रपट जुना झाला, अशी मी मनाची समजूत घातली. त्याच वर्षी शाळेच्या पटांगणात पांढरे कापड ताणून गावासाठी खेळ लावला. त्या रात्री आधी म्हाताऱ्या बायका हसल्या, मग त्यांच्या सुना आणि मग तीच मुले. नुसते मोठ्यांचे पाहून ती हसली, असे कोणी म्हणेल. तसेही असेल, कोठे हसायचे आणि कोठे गप्प व्हायचे, हे मी तरी आजीकडे पाहूनच शिकलो होतो.

आज अनेक तालुक्यांतील चित्रपटगृहांना कुलपे लागली आहेत. तंबू तर क्वचितच दिसतो. चित्रपटाच्या प्रती जपण्यासाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तोपर्यंत आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच आज उरला आहे. प्रत जपायला निदान संग्रहालय तरी आहे. प्रेक्षक जपायला मात्र समाजमंदिराचा हॉल, एक पडदा आणि महिन्यातील एक संध्याकाळ लागते, आणि हे तिन्ही ग्रामपंचायतीच्या हातात आहे. सरपंचसाहेब, आपल्या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर एवढेच.

आणखी एक विनंती. मधल्या रांगा रिकाम्या दिसतात. मागची मंडळी पुढे सरकली तर बरे होईल. आता दिवे मालवायला हरकत नाही.